मैदानावरची माणसं : शेवटचा गडी येईपर्यंत

दोस्तांनो, गेल्या पंधरवड्यात तुमच्यापैकीच एकाचं पत्र आलं. आठवीतला मुलगा आहे. नाव छापू नका म्हणालाय, म्हणून छापत नाही. पत्र थोडक्यात असं :

‘काका, मी शाळेच्या फुटबॉल संघात आहे, पण नावापुरताच. दोन वर्षं झाली, मी राखीव खेळाडू आहे. या वर्षी आम्ही स्पर्धा जिंकलो. शिट्टी वाजल्यावर सगळे ट्रॉफीकडे धावले. मी बाटल्या आणि बॉल गोळा करत होतो. सगळं पिशवीत भरून आलो तर फोटो काढून झाला होता. आई म्हणते, सोड ते, अभ्यासाला लाग. बाबा म्हणतात, चिकाटी सोडू नकोस. तुम्ही सांगा, राखीव खेळाडूचं पुढे काय होतं?’

मी पत्र दोनदा वाचलं. खरं सांगू? ‘धीर धर, एक दिवस तू मोठा स्टार होशील’ असं लिहिणं फार सोपं आहे. पण ते खरं असेलच असं नाही. बरेचसे राखीव खेळाडू राखीवच राहतात. तरीही पत्र वाचता वाचता मला एक माणूस सारखा आठवत राहिला. त्याला एका मोठ्या क्लबने विकत घेतलं होतं ते राखीव संघासाठीच! देशाच्या संघातून तर तो एकदाही खेळला नाही. पण पुढे त्याने जो संघ बांधला, त्याचं नाव आजही जगभर घेतात.

त्याचं नाव जॉक स्टीन. खरं नाव जॉन. स्कॉटलंडमध्ये जॉनला लाडाने जॉक म्हणतात, आपल्याकडे प्रकाशचा पक्या होतो तसं.

अंधारातली शाळा

जॉकचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२चा. गाव बर्नबँक, ग्लासगो शहराच्या आग्नेयेला. हा सगळा भाग कोळशाच्या खाणींचा. घरोघरी कोणी ना कोणी खाणीत उतरणारं. शाळा संपल्यावर जॉकने काही दिवस गालिच्यांच्या कारखान्यात काम केलं आणि मग तोही खाणीत उतरला. तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं.

खाण म्हणजे काय, याची त्या भागातल्या मुलांना वेगळी ओळख करून द्यावी लागत नसे. जवळच्याच ब्लँटायर गावच्या खाणीत १८७७ साली स्फोट होऊन दोनशेहून अधिक कामगार दगावले होते. खाली गेलेला माणूस संध्याकाळी वर येईल, याची खात्री कुणालाच नसायची.

जॉकने जवळजवळ बारा वर्षं त्या अंधारात काढली. त्या दिवसांबद्दल पुढे तो नेहमी बोलत असे. खाली दिवा विझला की स्वतःचा हात दिसत नाही. तिथे लबाड माणसाचा निभाव लागत नाही, कारण प्रत्येकाचा जीव शेजारच्याच्या हातात असतो. आणि आपलं काम उरकलं म्हणून कोणी एकटा वर निघून जात नसे. शेवटच्या गड्याचं काम होईपर्यंत सगळे थांबत. ‘यांच्याहून चांगली माणसं मला पुढे कुठेच भेटली नाहीत,’ असं तो सांगायचा.

दोस्तांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

फुटबॉल? तोही चालूच होता. आठवडाभर खाण आणि शनिवारी सामना. १९४२ साली तो अल्बियन रोव्हर्स या छोट्या क्लबात दाखल झाला. त्यांच्याकडून पहिला सामना खेळला तो ग्लासगोच्या बलाढ्य सेल्टिकविरुद्ध, आणि तो ४-४ असा बरोबरीत सुटला. जॉक सेंटर हाफ होता. म्हणजे बचावफळीच्या मधोमध पाय रोवून उभा राहणारा. उंच, भक्कम, हवेतल्या बॉलवर हुकूमत. पण पायात जादू वगैरे नव्हती. हे तो स्वतःही जाणून होता.

चोरांनी बदललेलं नशीब

१९५० साली जॉकने खाण सोडली आणि वेल्समधल्या लानेली या क्लबाकडे पूर्णवेळ फुटबॉलपटू म्हणून गेला. पण तिथे बस्तान बसेना. त्यातच इकडे स्कॉटलंडमधलं त्यांचं बंद घर चोरांनी फोडलं. एकदा नाही, दोनदा! बायको घाबरून गेली. लहान मुलगी होती. जॉकने ठरवलं, पुरे झालं. परत जायचं आणि पुन्हा खाणीत उतरायचं.

तो क्लबाला हे सांगायला गेला आणि नेमका त्याच सुमारास सेल्टिकचा निरोप आला. सेल्टिकच्या राखीव संघाचे प्रशिक्षक जिमी ग्रिबेन यांना हा रांगडा सेंटर हाफ आठवला होता. काम काय? राखीव संघात खेळायचं आणि तिथल्या पोरांना चार गोष्टी सांगायच्या. किंमत १२०० पौंड. डिसेंबर १९५१. जॉक तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. फुटबॉलच्या हिशेबाने उतरणीला लागलेला.

आणि मग काय झालं? पहिल्या संघातले बचावपटू एकामागून एक जायबंदी झाले. नाइलाजाने जॉकला उतरवलं. उतरला तो पुन्हा बाहेर आलाच नाही. कप्तान शॉन फॅलनने त्याला उपकप्तान केलं. पुढे फॅलनचा हात मोडला आणि राखीव म्हणून आणलेला जॉक सेल्टिकचा कप्तान झाला. त्याच्या नेतृत्वाखाली सेल्टिकने १९५३चा कोरोनेशन कप जिंकला. या स्पर्धेत इंग्लंड-स्कॉटलंडचे मातब्बर क्लब होते आणि सेल्टिकने आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेड या दोघांनाही हरवलं. १९५४ मध्ये लीग आणि स्कॉटिश कप एकाच वर्षी. असा दुहेरी मान सेल्टिकला चाळीस वर्षांनी मिळत होता.

पण १९५५ साली घोटा दुखावला, तो कायमचाच. १९५७च्या सुरुवातीला जॉकने बूट खुंटीला टांगले. त्यानंतर तो थोडा लंगडतच चालायचा.

आता अहो-जाहो!

जॉकचे आता ‘मिस्टर स्टीन’ झाले, तेव्हा आपणही त्यांना अहो-जाहो म्हणू या.

सेल्टिकने त्यांना राखीव संघाचे प्रशिक्षक केलं. बघा, पुन्हा राखीवच! पण त्या पोरांमधून त्यांनी हिरे वेचले. बिली मॅक्नील नावाचा उंच पोरगा त्यातलाच. पुढे १९६० साली ते डनफर्मलिन क्लबाचे मॅनेजर झाले. ब्रिटिश फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कचेरीत बसून फायली बघणारा साहेब नव्हे. संघ निवडणं, सराव घेणं, डाव आखणं, खेळाडू आणणं, रागावणं आणि पाठीवर थाप मारणं, हे सगळं त्याच्याकडे असतं.

डनफर्मलिन तेव्हा खालच्या विभागात घसरायच्या बेतात होता. स्टीन आले आणि उरलेले सहाच्या सहा सामने जिंकून संघ वाचला. दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्यांनी स्कॉटिश कप जिंकला. अंतिम सामन्यात हरवलं कुणाला? सेल्टिकला!

१९६३ साली स्टीन इटलीला गेले, शिकायला. मिलानच्या इंटर क्लबाचे मॅनेजर होते एलेनिओ हेरेरा. त्यांचा ‘कॅटेनाचिओ’ हा खेळ जगभर गाजत होता. कॅटेनाचिओ म्हणजे दाराची कडी. एक गोल करायचा आणि बचावाची अशी कडी लावायची की समोरच्याला आत शिरताच येऊ नये. स्टीन यांनी हेरेरांचा सराव पाहिला, सगळं डोक्यात साठवलं आणि परत आले.

मार्च १९६५ मध्ये सेल्टिकने त्यांना मॅनेजर म्हणून बोलावलं. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ग्लासगोत दोन मोठे क्लब, सेल्टिक आणि रेंजर्स. सेल्टिकची स्थापना आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक लोकांनी केली. त्यांच्या पोरांना पोटभर जेवण मिळावं, म्हणून पैसे उभे करायला १८८७ साली क्लब निघाला. रेंजर्सचे पाठीराखे बहुतेक प्रोटेस्टंट. धर्म एकच, ख्रिस्ती. पण दोन पंथांमध्ये इतकी तेढ की रेंजर्स त्या काळी जाणूनबुजून कॅथलिक खेळाडू घेत नसत. स्टीन प्रोटेस्टंट घरातले. ते सेल्टिककडून खेळायला लागले तेव्हा बर्नबँकच्या काही जुन्या मित्रांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ती मैत्री त्यांना परत मिळाली नाही.

आणि आता हेच स्टीन सेल्टिकचे पहिले प्रोटेस्टंट मॅनेजर झाले. कुणीतरी त्यांना विचारलं, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, दोघेही सारखेच चांगले, तर तुम्ही कुणाला घ्याल? ते म्हणाले, प्रोटेस्टंटला. का? तर कॅथलिक पोराला रेंजर्स काही नेणार नाहीत, तो नंतरही मिळेलच की! हसू येतं ना? पण या विनोदात चांगलाच चिमटा आहे. स्टीन यांच्या संघात दोन्ही पंथांची मुलं खांद्याला खांदा लावून खेळली. खाणीत शेजारी कोणत्या पंथाचा आहे, हे कोण विचारतं?

लिस्बनची दुपार

सेल्टिकने १९५७ नंतर एकही मोठी स्पर्धा जिंकली नव्हती. स्टीन आले आणि दीड महिन्याच्या आत स्कॉटिश कप आला. विजयी गोल बिली मॅक्नीलचा. पुढच्या वर्षी लीग. आणि १९६६-६७च्या हंगामात तर लीग, स्कॉटिश कप, लीग कप, ग्लासगो कप, जिथे भाग घेतला ते सगळं जिंकलं. बाकी राहिला युरोपियन कप, आजच्या चॅम्पियन्स लीगचा पूर्वज. तोवर तो स्पेन, पोर्तुगाल आणि इटली सोडून कुठल्याच देशात गेला नव्हता.

अंतिम सामना २५ मे १९६७, पोर्तुगालच्या लिस्बन शहरात. समोर कोण? हेरेरा आणि त्यांचा इंटर संघ. गुरुजींसमोर विद्यार्थी!

आता सेल्टिकचा संघ पाहा. अकराच्या अकरा जण त्यांच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. तीस मैल म्हणजे ४८ किलोमीटर, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली आहे जवळजवळ तेवढं. त्यातही सगळ्यांत लांबचा एकटा बॉबी लेनॉक्स. बाकीचे आणखी जवळचे. युरोपचा राजा कोण, हे ठरवायला जणू गल्लीतली पोरं निघाली होती.

बोगद्यात दोन्ही संघ शेजारी उभे राहिले. इंटरचे खेळाडू उन्हात रापलेले, नीट भांग पाडलेले, सिनेमातल्या नटांसारखे. सेल्टिकच्या काही जणांना पुढचे दातच नव्हते! त्यांनी आपल्या कवळ्या गोलरक्षक रॉनी सिम्पसनकडे दिल्या होत्या. छत्तीस वर्षांच्या सिम्पसनने त्या टोपीत घालून टोपी गोलच्या जाळीत ठेवली. कशासाठी? जिंकलो तर फोटोत हसायला दात हवेत म्हणून! मग बर्टी ऑल्डने क्लबाचं गाणं सुरू केलं आणि सगळे गाऊ लागले. इंटरवाले बघतच राहिले.

सामना सुरू झाला आणि सातव्याच मिनिटाला सेल्टिकच्या जिम क्रेगने एकाला पाडलं. पेनल्टी. मॅझोलाने गोल केला. १-० आणि इंटरने दाराला कडी लावली.

पण स्टीन यांच्या पोरांना कडीची भीती नव्हती. हल्ल्यामागून हल्ले. दोनदा बॉल आडव्या खांबावर आपटला. गोलरक्षक सार्टी भिंतीसारखा उभा. स्टीन यांनी शिकवून ठेवलं होतं, बॉल नुसता उंच मारून गोलसमोर टाकू नका. कडेने आत शिरा आणि मागून धावत येणाऱ्याला द्या. बासष्टावं मिनिट सरलं. उजवीकडून एक जण आत शिरला, बॉल मागे सरकवला आणि टॉमी गेमेलने असा फटका मारला की सार्टीला हलायलाही वेळ मिळाला नाही. १-१! बॉल सरकवणारा कोण होता? जिम क्रेग! ज्याच्यामुळे पेनल्टी गेली, तोच. तेवढ्या एका चुकीसाठी कुणी त्याला बाजूला टाकलं नव्हतं, म्हणून तो तिथे पोचू शकला.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला स्टीव्ही चामर्सने दुसरा गोल केला. २-१. युरोपियन कप जिंकणारा पहिला ब्रिटिश संघ! त्या अकरा जणांना लोक तेव्हापासून ‘लिस्बनचे सिंह’ म्हणतात. लिव्हरपूलचे मॅनेजर बिल शँक्ली, तेही स्कॉटिश आणि तेही खाणीतूनच आलेले, सामन्यानंतर स्टीन यांना म्हणाले, ‘जॉन, तू आता अमर झालास!’

विमानाला घाबरणारा जिमी

एक गंमत सांगतो. जिमी जॉन्स्टन हा सेल्टिकचा बुटका, लालकेशी विंगर. बॉल पायाला चिकटला की चारचार जणांना चकवायचा. पण विमानाला जाम घाबरायचा. नोव्हेंबर १९६८ मध्ये युगोस्लाव्हियाच्या रेड स्टार बेलग्रेडशी ग्लासगोत सामना होता. मध्यंतराला १-१. परतीचा सामना बेलग्रेडला, म्हणजे विमानप्रवास आलाच. स्टीन जिमीला म्हणाले, चार गोलांची आघाडी मिळाली तर तू नाही आलास तरी चालेल.

मग काय विचारता! जिमी वाऱ्यासारखा सुटला. दोन गोल स्वतः केले, इतरांना करून दिले. निकाल ५-१. जिमी घरी राहिला आणि स्टीन यांनी शब्द पाळला. दुसरा मॅनेजर असता तर ‘भित्रट कुठला’ म्हणून मोकळा झाला असता.

पण स्टीन म्हणजे देव नव्हेत. त्यांचा धाक जबरदस्त होता. त्यांच्या रागापुढे भलेभले गप्प होत. चुकाही झाल्या. १९७० साली सेल्टिक पुन्हा युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पोचला, पण हॉलंडच्या फेयेनूर्डला सगळ्यांनीच कमी लेखलं आणि जादा वेळेत २-१ अशी हार झाली.

घरच्या लीगमध्ये मात्र १९६६ ते १९७४ सलग नऊ वर्षं सेल्टिकच विजेता! मग १९७५च्या उन्हाळ्यात स्टीन यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. पुढचा सगळा हंगाम ते संघापासून दूर होते. तेव्हा संघ सांभाळला कोणी? ज्याने एकेकाळी त्यांना उपकप्तान केलं होतं, त्या शॉन फॅलनने.

१९७८ साली त्यांनी सेल्टिकचं मॅनेजरपद सोडलं. क्लबाने संचालकाची खुर्ची देऊ केली, पण काम होतं क्लबासाठी पैसे गोळा करण्याचं. ज्याने युरोपियन कप आणला, त्याला मैदानापासून दूर ठेवायचं! त्यांना ते मानवलं नाही. ते इंग्लंडच्या लीड्स युनायटेडकडे गेले, पण जेमतेम दीड महिना. मग स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं. ज्या संघातून ते कधी खेळले नाहीत, त्याचे ते मॅनेजर झाले.

कार्डिफची रात्र

१० सप्टेंबर १९८५. वेल्समधलं कार्डिफ शहर. वेल्सविरुद्ध बरोबरी झाली तरी स्कॉटलंडची विश्वचषकाची आशा जिवंत राहणार होती. तेराव्या मिनिटाला वेल्सने गोल केला. मध्यंतराला नवंच संकट. गोलरक्षक जिम लेटनची डोळ्यातली कॉन्टॅक्ट लेन्स हरवली होती आणि त्याच्याकडे दुसरी नव्हती! राखीव गोलरक्षक ॲलन रफला उतरवावं लागलं. पुढे स्टीन यांनी बाकावरच्या डेव्ही कूपरलाही पाठवलं. एक्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि ती गोलात घातली कूपरने. १-१. दोन बदली खेळाडूंनी रात्र सावरली होती.

पण सामना संपता संपता स्टीन मैदानाच्या कडेला कोसळले. हृदयविकाराचा झटका. स्टेडियममधल्याच वैद्यकीय खोलीत त्यांनी प्राण सोडला. वय बासष्ट. जिंकल्यासारखा आनंद करायचा ते खेळाडू रडत होते.

त्या रात्री त्यांचा सहायक म्हणून शेजारी बसलेला माणूस तुम्हाला माहीत आहे. ॲलेक्स फर्ग्युसन! त्यांनीच मग स्कॉटलंडला १९८६च्या विश्वचषकाला नेलं आणि पुढे २०१३पर्यंत मँचेस्टर युनायटेडला कुठल्या कुठे नेऊन ठेवलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे

तर माझ्या आठवीतल्या दोस्ता, राखीव खेळाडूचं पुढे काय होतं? जॉकचं बघ. चोरी झाली नसती, ग्रिबेनना आठवण झाली नसती, बचावपटू जायबंदी झाले नसते, तर तो खाणीतच राहिला असता. नशिबाचा भाग होताच. ते तुझ्या-माझ्या हातात नाही. पण खाणीतला अंधार, राखीव संघाची पायरी आणि शेवटच्या गड्यासाठी थांबायची सवय, हे नशिबाने बदललं नाही. ते नसतं तर तो कप्तान झालाही असता, पण स्टीन झाला नसता. आईचंही खरं आहे, अभ्यास कर. बाबांचंही खरं आहे. आणि खेळायला मजा येत असेल तर खेळ, नसेल तर बिनधास्त सोड. बाटल्या गोळा करणं मात्र कमीपणाचं समजू नकोस.

आणि हो, लिस्बनचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. बिली मॅक्नील संगमरवरी चौथऱ्यावर चषक उंच धरून उभा आहे. एकटाच! कारण शिट्टी वाजताच हजारो लोक मैदानात घुसले आणि बाकीच्या खेळाडूंना तिथवर पोचताच आलं नाही. त्या फोटोत बाकीचे दहा जण नाहीत. तरी ग्लासगोत कुणालाही विचार, अकराच्या अकरा नावं घडाघडा सांगेल.

आता दोन शब्द या मुलाच्या संघातल्या इतरांसाठी. तुम्हीही हा अंक वाचत असाल. ट्रॉफी अजून शाळेच्या कपाटात असेल. सरांना विचारून ती बाहेर काढा, सगळ्यांना बोलवा आणि तो फोटो परत काढा. मात्र शेवटचा गडी आल्यावरच.

ओळखा पाहू! सेल्टिकनंतर वर्षभरातच, १९६८ साली, युरोपियन कप इंग्लंडला नेणारा मॅनेजरही स्कॉटिश होता, आणि तोही त्याच कोळसापट्ट्यातला. कोण बरं? उत्तर पुढच्या अंकात.